तांबे ब्रदरांची बारा बाळोती

तांबे ब्रदर कोणतीही गोष्ट भरलेली मोजायच्या आधी रिकामी मोजत. ही सवय त्यांना दवाखान्यात लागलेली नव्हती, ती ते बंदरातून घेऊन आले होते. नर्सिंगला जायच्या आधी तीन वर्षं ते न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात टॅलीचं काम करत. गेटमधून आत काय आलं, बाहेर काय गेलं, यार्डात काय उरलं, याची टिपणं ठेवायची. तिथल्या प्रत्येक कंटेनरच्या दारावर रिकाम्याचं वजन रंगवलेलं असतं. "ते नसतं ना ताई, तर आतल्या मालाचं वजन कुणाच्या बापाला कळलं नसतं," असं ते मला सांगत, आणि मग मासळी घ्यायला गेले की काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवायला लावत. रेवदंड्याच्या बाजारात एका सोडेवालीने त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "पिशवीचं वजन कापतोस, तं माज्या मेहनतीचं घाल वरती!" त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि चार सोडे परत टाकले.

आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं आहे. अलिबाग–रेवदंडा रस्त्यावर, नारळीपोफळीच्या वाड्यांच्या मध्ये, मागच्या खिडक्यांतून समुद्राचा वारा आत घुसतो. त्यात नवजात बाळांसाठी आठ खाटांचा अतिदक्षता विभाग. मी तिथे नोंदी सांभाळते. माझ्या टेबलावर नेहमी एक वही उघडी असते आणि तिच्यात दिवसाची कामं क्रमांक घालून लिहिलेली असतात. झालेल्या कामावर काट. तांबे ब्रदर त्याच विभागात एकोणीस वर्षं होते. पुरुष नर्सला सगळीकडे 'ब्रदर'च म्हणतात, पण आमच्याकडे इतर ब्रदर आले आणि गेले. नुसतं "ब्रदरना बोलवा" म्हटलं की तांबेच समजायचे.

ते उंच, हडकुळे आणि थोडे पोक काढून चालणारे. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या दोन रजा त्यांच्या वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेवलेल्या असत, आणि बाकी रजा कुणालाही द्यायला ते तयार असत. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे अक्षर वळणदार. हाताची नखं इतकी आखूड की नव्या सिस्टर त्यांच्या हातांकडे बघून आपली नखं कापून येत. बोलणं कमी. "छान", "शाबास" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. कुणी एखाद्या अवघड शिरेत पहिल्याच प्रयत्नात सुई लावली, तर ते फक्त म्हणत, "चला, पुढे." ज्यांना हे कळायचं त्या सिस्टर दिवसभर खूश असायच्या.

आता गुणांच्या कागदाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय तांबे ब्रदर सांगता येत नाहीत.

बाळ आमच्याकडे दाखल झालं की पहिल्या बारा तासांचा एक कागद भरला जातो. त्या बारा तासांत रक्तदाब सगळ्यात खाली कुठे गेला, अंग सगळ्यात गार किती झालं, रक्त किती आंबट झालं, ऑक्सिजन किती लागला, झटके आले का, लघवी किती झाली. प्रत्येकाचे गुण ठरलेले. त्यात जन्माचं वजन वगैरे मिळवायचं आणि बेरीज मारायची. बेरीज जितकी मोठी, बाळ तितकं जास्त आजारी. शाळेच्या बरोबर उलट. शून्य मिळवणारं बाळ सगळ्यात हुशार.

हा कागद आमच्याकडे सुरू झाला तेव्हा तो मराठीत आणायचं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. एकही रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर पुढे सरकणार नाही अशी व्यवस्था करून घेतली. मला तिचा अभिमान होता. ब्रदरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एकच शेरा मारला. "म्हणजे याचा सगळ्यात वाईट क्षण शोधायचा आणि त्याच्यावरून याला ओळखायचं."

"तशीच पद्धत आहे," मी म्हटलं.

"पद्धतीला काय नाही म्हणत नाही. पण माणसाला त्याच्या सगळ्यात वाईट क्षणावरून ओळखायचं असेल, तर निदान तो क्षण नीट मोजला पाहिजे."

त्या दिवसापासून त्यांनी मोजण्याचा ध्यास घेतला. थर्मामीटर दोन ठेवले, एकाची दुसऱ्याशी ताडणी. काटा दर सोमवारी तपासायचा. लघवीसाठी त्यांनी बाळोत्यांची पद्धत बसवली. जुन्या मऊ सुती कापडाचे सारखे तुकडे, प्रत्येक खाटेला बारा. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईने क्रमांक, आणि खाटेला टांगलेल्या पुठ्ठ्यावर त्या त्या क्रमांकाचं कोरडं वजन. ओलं बाळोतं काट्यावर ठेवायचं, पुठ्ठ्यावरचा आकडा वजा करायचा. उरेल ती लघवी, एक ग्रॅमला एक मिली. पावसाळ्यात आमच्याकडे वाळलेलं कापडही दमट असतं, म्हणून त्या चार महिन्यांत कोरडं वजन ते रोज नव्याने घेत. सिस्टर हसायच्या. "ब्रदर, कंटेनर आला काय?" असं एकमेकींना विचारायच्या.

कागद त्यांनी कधी नातेवाइकांना दाखवला नाही. उरणच्या बाजूचा एक ट्रेलर चालवणारा बाप दिवसातून चारदा दाराशी यायचा. त्याला कुणीतरी गुणांचं सांगितलं होतं.

"ब्रदर, बोलो ना, कितना मार्क पडला? पास होगा क्या?"

"मार्क शाळेत," ब्रदर म्हणाले. "इथे हजेरी असते. आज हजर आहे."

"और कल?"

"कलचं कल विचारा."

मी नंतर त्यांना म्हटलं, "सांगून टाकायचं ना. आकडा काही वाईट नव्हता." तर म्हणाले, "हा आकडा शंभर बाळांचा आहे, ताई. अशी शंभर असतील तर साधारण काय होतं ते सांगतो. त्या माणसाचं बाळ एकच आहे. त्याला शंभरातलं काय सांगू?" तो बाप मात्र रोज येऊन "हाजिर है?" एवढंच विचारू लागला, आणि ब्रदर काचेतून नुसती मान हलवत.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली होती, ती म्हणजे गारठा. दिघीच्या बाजूची बाळं फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला येतात आणि तिथून ॲम्ब्युलन्सने आमच्याकडे. बोटीवरच्या वाऱ्यात कितीही गुंडाळलं तरी ती गार पडून येत, आणि आल्या आल्या कागदावर आठ नाही तर पंधरा गुण चढत. ब्रदर चिडायचे. "हे गुण बाळाचे नाहीत. खाडीचे आहेत." एका रविवारी ते स्वतःच्या सुट्टीत आगरदांड्याच्या जेट्टीवर गेले. सोबत विणलेल्या टोप्यांची पिशवी. तिकीट देणारा, चहाची टपरी चालवणाऱ्या बाई, दोन रिक्षावाले, सगळ्यांना गोळा करून त्यांनी एक नारळ हातात धरला आणि बाळाला आईच्या पोलक्याच्या आत, छातीला कसं लावायचं, डोकं कसं झाकायचं, ते दाखवलं. रिक्षावाल्यांनी भरपूर टवाळी केली. पण चहावाल्या बाईंनी मनावर घेतलं. पुढे कधीकधी विभागात फोन यायचा, "ब्रदर, बाल निंगालाय. टोपी घातलीय. आईच्या आंगाशी हाय." एवढं बोलून फोन बंद. अशी बाळं ऊबदार यायची आणि ब्रदर तापमानाच्या रकान्यात शून्य लिहिताना ते जरा मोठं काढायचे.

त्यांच्यासोबत काम करणं सोपं नव्हतं. एकदा लाँड्रीवाल्याने दोन खाटांची बाळोती एकत्र केली, तर त्यांनी त्याला बसवून चोवीसच्या चोवीस क्रमांकाने लावायला लावली. एका सिस्टरने अंदाजाने आकडा लिहिला होता, तर दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. माझ्याशीही त्यांचं दोनदा वाजलं होतं. पण तिसरा प्रसंग आला तो त्यांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना, आणि तेव्हा चुकीची बाजू बरीचशी माझी होती.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी. म्हणजे बाळ. दिवस भरायच्या बरेच आधी, आईचं ब्लडप्रेशर चढलं म्हणून पहाटे छोट्या प्रसूतिगृहात सिझर करून काढलेली. वजन दीड किलो. आमच्याकडे आणली तेव्हा पाच वाजले होते. अंग गार, श्वास धापेचा. नाकातून दाबाने ऑक्सिजन लावला. आई वरच्या मजल्यावर, तिचंच अजून नक्की नव्हतं. बाप दाराबाहेर. आत बाळाजवळ बसायला एका बाईमाणसाला आम्ही परवानगी देतो. हात धुऊन, गाऊन घालून. ती होती बाळाची आजी, बापाची आई, हिराबाय. साठीची, सुकी मासळी विकणारी, मोठ्या आवाजाची बाई. पण आत आल्यावर तिचा आवाज बंद झाला होता. यंत्रांकडे बघायची नाही. नातीच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत स्टुलावर बसून होती.

दुपारी दोनला पाळी बदलली. सकाळच्या सिस्टरने ब्रदरांना बाळ सोपवलं. अंग आता ऊबदार, ऑक्सिजन थोडा कमी केलाय, पण लघवी नाही. आठ वाजता बाळोतं कोरडं, अकराला कोरडं, आत्ता कोरडं. नऊ तासांत शून्य.

नाईक मॅडम, म्हणजे आमच्या बालरोगतज्ज्ञ, त्याच वेळी खाटेशी आल्या. त्यांनी पोटावरून हात फिरवला. मूत्राशय रिकामं लागत होतं, म्हणजे लघवी तयारच होत नाहीये. रक्ततपासणीवरून पहिल्या दिवशी मूत्रपिंडाचं कळत नाही, कारण त्या रक्तात आईचाच आकडा उतरलेला असतो. कागदावर लघवीचे एकट्याचे अठरा गुण चढले. आधीच्या गारठ्याचे, वजनाचे, श्वासाचे धरून बेरीज अशी झाली की मॅडमनी ती पुन्हा एकदा मारून पाहिली. त्या नुसत्या बेरजेवर कधी निर्णय घेत नसत. पण मूत्रपिंड बंद पडत असेल तर पुढचे उपचार आमच्याकडे नव्हते. त्यांनी बाहेर जाऊन बापाला सांगितलं की मुलीला मुंबईला हलवावं लागेल. रस्त्यात काही होऊ शकतं, पण ठेवण्यात जास्त धोका आहे. ॲम्ब्युलन्सला फोन झाला. ती तासाभरात येणार होती. लघवी आणणारं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं, निघायच्या आधी द्यायचं म्हणून.

मी तेव्हा तिथेच होते. सोबत जाणाऱ्या कागदपत्रांची यादी करत होते. आठ क्रमांक झाले होते. ब्रदर खाटेशी उभे राहून खालच्या कप्प्यातली बाळोती मोजत होते. पाळी घेताना मोजायचीच, हा त्यांचा नियम. एकदा मोजली. पुन्हा मोजली.

"खाली आठ. बाळाखाली एक. नऊ," ते म्हणाले. "सिस्टर, तीन कुठे?"

सकाळची सिस्टर पर्स खांद्याला लावून निघाली होती. "ब्रदर, आत्ता बाळोती मोजायची वेळ आहे का? त्या पोरीला मुंबईला न्यायचंय."

"म्हणूनच मोजतोय. सकाळी एक नंबर घातल्याची नोंद आहे. आता खाली चार नंबर आहे. तुम्ही बदललंत?"

"नाही. कोरडंच होतं ना. कोरडं कशाला बदलू?"

"मग एकाचं चार कसं झालं?"

माझी पेन्सिल थांबली. सकाळी अकराच्या सुमारास मी मागच्या जिन्याने वर गेले होते, तेव्हा खिडकीच्या गजांवर कपडे वाळत घातलेले दिसले होते. लाँड्रीवाल्यांचा ढिसाळपणा, असं समजून मी वहीत सहा नंबरला लिहून ठेवलं होतं, 'मागचा जिना, गजांवर कपडे. कोणाचे? विचारणे.' त्या कामावर अजून काट पडली नव्हती. मी ते ब्रदरांना वाचून दाखवलं.

ते जिन्याकडे गेले आणि दोन मिनिटांत परत आले. हातात तीन बाळोती. एक, दोन, तीन. स्वच्छ धुतलेली, वाऱ्यावर निम्मी वाळलेली.

ते ओरडले नाहीत. स्टुलासमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांची मान हिराबायच्या मानेच्या खाली आली.

"आजी, ही तुम्ही धुतलीत?"

हिराबायने आधी बाळोत्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. आपल्याला आता बाहेर काढणार, असं तिला वाटलं असावं. "मी काय चोरी न्हाय केली, दादा. पोरगी वली झालेली. वल्यात कशी ठेवू? ह्या पोरी धावतान इकरं तिकरं, त्यांना कशाला सांगू? बदलली मी."

"किती वेळा?"

"तीन येला. आत्ता जेवनाच्या टायमाला येक."

"ओली म्हणजे किती ओली होती? नुसती दमट?"

"दमट कशाला? चिंब व्हती चिंब! पिलून काडली मी."

"मग आमच्याकडे का नाही दिलीत? आम्ही धुतली असती."

आता मात्र हिराबायचा बाजारातला आवाज परत आला. "पोरीची बालोती परक्या मान्साकरनं धुवून घ्याची? आमच्यात न्हाय चालत. आजी मेली काय तिची?"

तिने नातीला तीन वेळा कोरडं केलं होतं, आणि प्रत्येक वेळी बाळाखाली सरकवलेलं कोरडं बाळोतं आमच्या सिस्टरने, आधीचा क्रमांक न पडताळता, समोर दिसेल त्या क्रमांकाचं पुठ्ठ्यावरचं वजन वजा करून, काटेकोरपणे शून्य म्हणून लिहिलं होतं. पद्धत ब्रदरांची होती आणि तिने अगदी अचूक शून्य काढून दिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं. मान खाली घालून ते क्षणभर त्या तीन तुकड्यांच्या घड्या करत राहिले.

मॅडम परत आल्या. त्यांना सांगितलं. त्या सुटकेचा श्वास टाकतील असं मला वाटलं होतं, पण त्या डॉक्टर होत्या. "तीन वेळा झाली, असं आजी म्हणतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरंही असेल. पण मी त्यांच्या शब्दावर इंजेक्शन थांबवू? किती धरायची लघवी? थोडी धरू?"

"धरायची नाही, मॅडम," ब्रदर म्हणाले. "धुतलेल्याचं वजन कसं धरणार? थोडीही नाही आणि शून्यही नाही." त्यांनी कागद घेतला, लघवीच्या रकान्यातलं शून्य एका सरळ रेघेने खोडलं, वर लिहिलं 'मोजलं नाही', आणि सही केली.

"कॉम्प्युटर असं घेणार नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. त्या क्षणीही मला माझा रकाना आठवला, याची मला अजून लाज वाटते.

"मग कॉम्प्युटर थांबेल, ताई. आपण सगळे थांबलोयच."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तोवर इंजेक्शन देत नाही. आली की मला ठरवावं लागेल, ब्रदर."

ब्रदरांनी पाच नंबरचं बाळोतं घेतलं, काट्यावर ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला. "चोवीस." बाळाखाली घातलं. आणि आम्ही एका दीड किलोच्या मुलीच्या लघवीची वाट बघत उभे राहिलो. सकाळची सिस्टर खांद्यावरची पर्स न काढता उभी. काचेबाहेर बाप. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांच्या नजरा एकाच जागी लागलेल्या बघून तोही तिकडेच बघत होता. हिराबाय नातीच्या कानाशी वाकून पुटपुटत होती, "मूत गो माजे बाय, मूत. आत्ता कशाला लाजतस? सकालपासून तं आजीला कामाला लावलस."

वीस मिनिटं गेली. तीस. ब्रदर दर पाच मिनिटांनी बाळोत्याच्या कडेखाली बोट सरकवून बघत आणि हात काढून घेत. खाली गेटवर गाडी वळल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "आली." मॅडमनी ट्रेकडे हात नेला.

"मॅडम," ब्रदर म्हणाले. "एक मिनिट."

त्यांनी बाळोतं अलगद बाहेर ओढलं. मध्यभागी हातभर नाही, तळहाताएवढा डाग होता. ते काट्यापर्यंत चालत गेले, धावले नाहीत. ठेवलं. आकडा थरथरून स्थिर झाला.

"तेहतीस," ते म्हणाले. "वजा चोवीस. नऊ."

मॅडम मागच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची तिथे आहे की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही. हिराबायला आकडा कळला नव्हता, पण खुर्चीत बसलेल्या डॉक्टरणीचा चेहरा कळला. तिने दोन्ही हात गाऊनला पुसले आणि काचेकडे वळून मुलाला ओरडून सांगितलं, "मुतली रे! तुजी पोरगी मुतली!" अतिदक्षता विभागात आवाज करू नये, असं तीन भाषांत भिंतीवर लिहिलेलं आहे. त्या दिवशी कुणी तिला गप्प केलं नाही.

ॲम्ब्युलन्सचा चालक जिना चढून आला. "पेशंट तयार आहे का?"

"पेशंट जात नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला लघवी झाली."

त्याने आमच्याकडे, टाळ्या वाजवत असलेल्या सिस्टरकडे, रडणाऱ्या बापाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "मग मी चहा पिऊन निघतो."

संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा झाली, दोन्ही मोजून. भरलेलं इंजेक्शन फेकून दिलं. रात्री आईचंही ब्लडप्रेशर उतरलं. मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून लघवीच्या रकान्यात 'मोजलं नाही' असा पर्याय घालून घेतला, मग विचार केला आणि सगळ्याच रकान्यांत घालून घेतला. ब्रदरांनी पुठ्ठ्यांवर, वजनांच्या वर, ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली, 'बाळोतं घरच्यांनी बदललं तरी चालेल. ओलं आमच्याकडे द्या.' सकाळच्या सिस्टरला ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती घाबरत घाबरत समोर आली तेव्हा म्हणाले, "चला, पुढे."

नऊ दिवसांनी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषण करा म्हटल्यावर त्यांनी चाव्या मोजून दिल्या आणि खाली बसले. मुलगी तेव्हा अजून आमच्याकडेच होती, पण ऑक्सिजनशिवाय. नळीतून दूध घेत होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तिला घरी सोडायचा दिवस आला. ब्रदर दाराशी उभे दिसले. चौकड्यांचा शर्ट, चपला बाहेर काढलेल्या, हात कोपरापर्यंत धुतलेले. दारावर नवी सिस्टर होती, चार दिवसांपूर्वी लागलेली. ती त्यांना ओळखत नव्हती.

"काका, आत फक्त आई-वडील. तुम्ही तिथे बाकावर बसा."

मी पुढे झाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. हिराबाय तिथेच होती. तिने डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढून त्यांच्या पुढ्यात केली. दोघं जेवत असताना ती त्यांना मुलीचं नाव काय ठेवणार, बारशाला किती माणसं येणार, हे सगळं मोठ्या आवाजात सांगत होती. ते मान हलवत होते.

मी सोडतानाची कागदपत्रं पूर्ण केली. आई मुलीला छातीशी घेऊन हळूहळू जिना उतरली. बाप मोटारसायकलवर सामान बांधून पुढे निघाला होता. गेटसमोर रेवदंड्याला जाणारी रिक्षा उभी होती. ब्रदरांना त्याच बाजूने चौलला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून हिराबायने त्यांनाही रिक्षात बसवलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. आधी आई बसली, मग ब्रदर. हिराबाय चढणार, तर तिच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी आणि सुनेला टाके ओढत होते. तिने डबा आणि पिशवी रिक्षात पायाशी ठेवली, सुनेकडून मुलगी घेतली आणि सरळ ब्रदरांच्या हातात दिली.

"धर. आनी नीट धर, मानेखाली हात घाल. तुमा बाप्यांना पोर धराला जमत न्हाय."

एकोणीस वर्षं आमची बाळं उचलणाऱ्या त्या माणसाने निमूटपणे हात आणखी थोडा वर सरकवला.

"आता बरोबर आहे का, आजी?"

"हा, आता ठीक," हिराबाय म्हणाली आणि अंग चोरून शेजारी बसली. मुलगी रडायला लागली. चांगली खणखणीत, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशी. रिक्षा निघाली. वळणावर वाडीच्या कुंपणाआड जाईपर्यंत मला दिसत होतं की ब्रदर मान खाली घालून त्या रडणाऱ्या तोंडाकडे बघत आहेत आणि हसत आहेत.